बेकरीवालीचं लेडीज घड्याळ

खिडकीजवळचं टेबल मिळालं तर भाचीला नेमकं काय मिळणार होतं, ते आधी बघून घेऊ. टेबल काही सोन्याचं नव्हतं. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी, वर जागोजागी तेलाचे डाग, आणि कडेला मामांच्या कोपरांनी पस्तीस वर्षांत घासून केलेले दोन खळगे. पण त्याच्यावर सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत सारखा, शांत उजेड पडे, आणि त्या टेबलाशी बसणाऱ्याला लोक घड्याळजी म्हणत. दाराजवळच्या काउंटरशी बसणारीला सेलवाली म्हणत. भाची अकरा वर्षं काउंटरशी होती. सेल बदलायचे, पट्टे लावायचे, भिंतीवरची घड्याळं पुसून द्यायची. आलेलं गिऱ्हाईक तिच्या खांद्यावरून आत बघत विचारायचं, "मामा आहेत का?" टेबल मिळालं की हा प्रश्न बंद. फायदा म्हणाल तर एवढाच. पण तिला तो अडतिसाव्या वर्षी हवा होता, पन्नासाव्या नव्हे.

मामांच्या जावईबापूंचाही तिथेच डोळा होता. टेबलावर नव्हे, टेबलाखालच्या जमिनीवर. तेवढ्या जागेत चष्म्यांचे सहा फिरते स्टँड बसतात, हे त्यांनी मामा जेवायला गेले असताना टेप लावून मोजलं होतं. माणूस वाईट नव्हता. दुकान चालावं असं त्यांना मनापासून वाटे. फक्त ते घड्याळांवर चालेल असं वाटत नसे.

आणि मामा महिनाअखेरीला थांबणार होते. त्यांचा उजवा हात वर्षभरापासून थरथरत होता. तसं ते म्हणत नसत. ते म्हणत, "लेडीज घड्याळांत आता काही राहिलं नाही." पुरुषांचं घड्याळ आलं की घेत, बायकांचं आलं की त्यांचं तत्त्व आडवं येई. पुरुषांच्या घड्याळातलं यंत्र रुपयाएवढं, बायकांच्या घड्याळातलं नखाएवढं. तत्त्व नेमकं त्या मापालाच कसं सुरू होतं, हे भाची ओळखून होती. बोलत नव्हती.

अशात एका मंगळवारी बेकरीवाली आली. कोपरापर्यंत पीठ, आणि रुमालात गुंडाळलेलं लांबट, सोनेरी मुलाम्याचं, चावीचं लेडीज घड्याळ.

"सासूबाईंचं आहे," ती म्हणाली. "तीस वर्षं त्यांच्या हातावर बिनतक्रार चाललं. माझ्याकडे आलं आणि थांबत थांबत चार महिन्यांत बसलं. घरात आता मीच ते खाल्लं असं झालंय."

मामांनी लांबूनच पाहिलं. "नवीन घ्या. सेलवालं."

"घेतलं होतं की. भट्टीवर ठेवलं, वितळलं. दोन मोबाईल पिठात गेले. मला पहाटे चारला भट्टी पेटवायची असते हो. आणि नवीन घेऊन सासूबाईंना काय दाखवू?"

"मी करते," भाची म्हणाली.

जावईबापू हसले. "ताई, हे हातावर बांधायचं घड्याळ आहे."

"माहितीये भाऊजी. पट्टे मीच विकते."

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. एवढ्यात त्यांचं ठरलं असावं. "ठीक आहे," ते म्हणाले. "खोल, धू, भर, आणि यांच्या हातात दे. आठ दिवसांत परत आलं नाही, तर टेबल तुझं. आलं, तर जावईबापूंचे चष्मे. आणि मधेच मला विचारायला यायचं नाही."

"अकरा वर्षांत कधी विचारलंय?"

"नाही," मामा म्हणाले. "बघत मात्र असतेस."

दुपारी बाजार थंडावला की मामा घरी जात आणि टेबल रिकामं होई. त्याच तीन दुपारी तिने मागून घेतल्या.

पहिल्या दुपारी तिने मागचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला घड्याळजी सुईने आपली खूण कोरतात: तारीख, आणि काय केलं त्याचं चिन्ह. इथे सगळ्या खुणा मामांच्याच होत्या. दोन वर्षांत चार वेळा नवी स्प्रिंग, म्हणजे चार बारीक चक्रं. पुढे आठ वर्षांनी पाचवं चक्र. त्यानंतर नुसत्या साफसफाईच्या दोन रेघा. तिने भिंगातून सगळं वाचलं, मनात नोंदलं, आणि झाकण वाटीत ठेवून दिलं. तिथेच जरा थांबून विचार करायला हवा होता. पण समोर यंत्र होतं, आणि यंत्र समोर असलं की झाकणाकडे कोण बघतो?

थांबलेल्या घड्याळाच्या पोटातही जोर असतो. तो न सोडता पेच काढला की चाकं एकमेकांचे दात पाडतात. तिने चावी दोन बोटांत घट्ट धरली, चिमट्याच्या टोकाने खटका मागे ओढला, आणि चावी बोटांतून हळूहळू घसरू दिली. किर्रर्र करत स्प्रिंग उलगडली आणि गप्प झाली. मग बॅलन्सचं चाक. त्याच्या पोटाला केसाहून बारीक स्प्रिंग लोंबकळत असते. ती एकदा ताणली की तिचा गुंता कुणाच्या बापाला सुटत नाही. भाचीने त्याला वरून धरून ठेवणारा पितळी पूल सैल केला, चाकासकट उचलला, उलटा करून ठेवला. श्वास रोखून वगैरे नाही. काउंटरवर बसून अकरा वर्षं ती हे मनातल्या मनात करत आली होती. हाताला फक्त कळवायचं बाकी होतं.

जावईबापू मागे येऊन उभे होते. "ताई, पेच उलटा फिरवताय."

"तो उलट्या आट्यांचाच आहे. चावीच्या चाकाचा. सुलटा फिरवला तर डोकं तुटतं."

"कुणाचं?"

"मागे उभं असेल त्याचं."

जावईबापू काउंटरवर गेले आणि दोन पट्टे विकून आले. तेवढाच दुकानाचा फायदा.

दुखणं सापडायला वेळ लागला नाही. पहाटेचं पीठ चावीच्या फटीतून आत गेलं होतं आणि जुन्या तेलाशी मिळून त्याची खळ झाली होती. चाकांची टोकं ज्यांत फिरतात त्या सतराही लाल खड्यांत ती चिकटून बसली होती. बाकी सगळं ठणठणीत. दात शाबूत, टोकं सरळ, आणि डबीतली मुख्य स्प्रिंग, मामांनी शेवटची घातलेली, न गंजणारी पांढऱ्या जातीची, अजून ताठ. तिने ती नुसती पुसून ठेवली. एक पेच चिमट्यातून उडाला. तो शोधायला ती वाकली नाही. टेबलाच्या कडेला टाचण्यांनी लावलेलं फडकं तिच्या मांडीवर पसरलेलं होतं, आणि पेच त्याच्या घडीत निमूट पडला होता. ही मामांची पद्धत. फडकंही मामांचंच.

दुसरी दुपार धुण्यात गेली. प्रत्येक चाक पेट्रोलमध्ये, प्रत्येक खड्याच्या भोकात टोक केलेली लाकडी काडी. काडी मळली की नवं टोक, परत भोक, परत टोक, काडी कोरी बाहेर येईपर्यंत. सतरा खडे, आणि टेबलावर काड्यांच्या सालींचा हा ढीग. तिला कुणी विचारलं असतं की कंटाळा येत नाही का, तर तिला प्रश्नच कळला नसता.

तिसऱ्या दुपारी भरायला घेतलं. डबी, मग चाकं, मग वरचा पूल. पूल दाबायचा नाही. चार चाकांची चार टोकं आपापल्या भोकात पडेपर्यंत एकेकाला चिमट्याने समजवायचं, आणि सगळी बसली की पूल आपण होऊन खाली येतो. तो आला. तेल, तारेच्या टोकाला धरेल तेवढंच, आणि जिथे हवं तिथेच. जास्त तेल म्हणजे पुढच्या खळीची तयारी. शेवटी बॅलन्स. चाक जागेवर उतरलं, एकदा चाचरलं, आणि धावायला लागलं. सेकंदाला पाच ठोके. भाचीने भिंग काढलं आणि चहा मागवला. एकच. स्वतःसाठी.

पुढे तिने त्याला भरपूर तपासलं. चावी पूर्ण दिली, शेवटी अडेपर्यंत: सव्वीस फेऱ्या. पालथं ठेवून, उताणं ठेवून, चावी वर, चावी खाली. एका चावीत अडतीस तास चाललं. दिवसाला चाळीस सेकंद पुढे जात होतं, तर तिने वेग कमी-जास्त करायची दांडी केसभर सरकवून ते दहावर आणलं. सोमवारी दुपारी पूर्ण चावी देऊन ते बेकरीवालीच्या हातात ठेवलं.

"रोज उठल्यावर चावी द्या. आणि पीठ मळताना हातावर नको, ॲप्रनच्या पट्ट्याला वर लावा."

"देव भलं करो तुमचं," बेकरीवाली म्हणाली आणि ठरलेले पैसे मोजून गेली.

सोमवार गेला, मंगळवार गेला. जावईबापू रोज सकाळी आले की आधी रस्त्याकडे बघत. शुक्रवार मावळला तेव्हा भाचीने टेबलाच्या पायाखालची पुठ्ठ्याची घडी काढून तिथे लाकडाची चकती बसवली. घाई केली म्हणायची.

कारण शनिवारी बेकरीवाली दारात उभी. आणि या वेळी एकटी नव्हती, सासूबाईंना घेऊन.

सासूबाईंनी बेकरी तीस वर्षं चालवून सुनेच्या ताब्यात दिली होती. तंबी द्यायचं काम मात्र स्वतःकडे ठेवलं होतं. त्यांनी भाचीकडे पाहिलंच नाही. "मामा आहेत का?"

मामा आतच होते. जावईबापू उठून उभे राहिले, इतक्या आदराने की पूर्वी कुणा गिऱ्हाइकाला तो मिळाला नसेल.

"गुरुवारी रात्री पावणेदहाला थांबलं," बेकरीवाली अपराध्यासारखी म्हणाली. "शुक्रवारी पहाटे चावी दिली, तर संध्याकाळी सहाला परत. ताई, मी एक कणही आत जाऊ दिला नाही हो."

"परत आलं," जावईबापू हळूच म्हणाले. कुणालाच उद्देशून नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मामांनी भाचीकडे बघितलं. घड्याळ अजून काउंटरवर होतं आणि तिने त्याला हातही लावला नव्हता.

"पहिले तीन दिवस कसं चाललं?" तिने विचारलं.

"घड्याळ कसलं, शिपाई होता नुसता. मिनिटाचा फरक नाही."

"मग ते घाणीने थांबलं नाही." भाचीचा आवाज सेल बदलून देताना असतो तसाच होता. "घाण आत असली तर कधीही थांबतं, कसंही थांबतं. हे वेळेवर थांबलंय. वेळेवर थांबतं ते उपाशी असतं. रोज किती फेऱ्या चावी देता?"

"दहा," बेकरीवाली म्हणाली. "दहाच."

"का?"

"आईंनी सांगितलंय."

"मीच सांगितलंय!" सासूबाई पुढे झाल्या. "दहा. वर एक नाही. लग्नानंतर मी ताकद लावून पिळायची, तर दोन वर्षांत चार वेळा तुटलं. मग सक्त ताकीद मिळाली: रोज दहा, अकरावी दिली तर पुन्हा माझ्या दारात येऊ नका. तीस वर्षं पाळलंय मी. आणि तुटलं का? सांगा, तुटलं का?"

"ताकीद कुणी दिली?"

सासूबाईंनी मामांकडे बोट केलं. "यांनी! आणखी कोण देणार?"

भाचीला झाकण आठवलं. चार चक्रं, मग पाचवं. आता ते तिला धड्यासारखं वाचता येत होतं. पण तिने ते वाचून दाखवलं नाही. तिने पावतीपुस्तकाची पाठ घेतली आणि पेन्सिलीने हिशेब मांडला, सासूबाईंना दिसेल असा सुलटा, म्हणजे स्वतःला उलटा.

"सव्वीस फेऱ्यांत हे अडतीस तास चालतं. म्हणजे चोवीस तासांना साडेसोळा फेऱ्या खर्च. तुम्ही जमा करता दहा. मी पोट भरून दिलं होतं, त्या शिलकीवर ते तीन दिवस चाललं. शिल्लक संपली तो गुरुवार. नंतर दहा फेऱ्यांवर ते साडेचौदा तासच जाणार. पहाटे साडेतीनला चावी दिली की संध्याकाळी सहा. तुमच्या हातावर होतं तेव्हाही ते थांबतच असणार, काकू."

"छट्!" सासूबाई म्हणाल्या. मग जरा अडखळल्या. "म्हणजे, रात्री थांबायचं. सकाळी सातला चावी, रात्री साडेनऊला ते झोपायचं. मीही तेव्हाच झोपते. पहाटेची भट्टी तेव्हा नोकर पेटवायचा. सकाळी शाळेची घंटा झाली की लावून घ्यायचं. त्यात काय? रात्रभर जागून करायचंय काय घड्याळाने?"

बेकरीवालीने सासूकडे असं पाहिलं, की चार महिन्यांत ऐकलेलं सगळं त्या एका नजरेत परत गेलं. "आई! तीस वर्षं बिनतक्रार चाललं म्हणायचात!"

"तक्रार मी केलीच नाही, तर बिनतक्रारच झालं ना?"

भाचीने घड्याळ उचललं आणि चावी द्यायला लागली. मोठ्याने मोजत. आठ, नऊ, दहा. अकराला सासूबाईंनी डोळे मिटले. पंधराला त्यांनी सुनेचा दंड धरला. सव्वीसला चावी अडली; भाचीने बोट काढलं आणि घड्याळ त्यांच्या कानाशी धरलं.

"तुटलं?"

"नाही," सासूबाई नाराजीने म्हणाल्या.

"उद्या दुपारीही चालू असेल. उद्या रात्री झोपेपर्यंतही पुरेल. मी विचारायला हवं होतं, किती फेऱ्या देता म्हणून. दुकानात चावी देणं म्हणजे पूर्णच देणं. बाहेरचं कुणी अर्धी देत असेल असं डोक्यातच आलं नाही. तेवढं माझं चुकलं."

"ते झालं ताई," जावईबापू म्हणाले, "कारण काहीही असो. ठरलं होतं ते असं, की आठ दिवसांत परत आलं तर. आज सहावा दिवस आहे. आणि घड्याळ काउंटरवर आहे. मी काही वावगं बोलत असेन तर बाबांनी सांगावं."

वावगं काहीच नव्हतं. अक्षराला धरून जावईबापूंचं खरं होतं, आणि मामांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. गिऱ्हाईक आपल्याच हाताने चुकलं, भाची आपल्याच तोंडाने कबूल झाली, आणि मामांची पस्तीस वर्षं जशीच्या तशी राहिली असती. भाचीने त्यांच्याकडे बघायचं टाळलं. ती पट्ट्यांचं कपाट लावत बसली. मागणार नाही हे तिचं ठरलेलं होतं. पण हात पट्ट्यांत असले तरी कान कुठे होते हे सांगायला नको.

मामांनी घड्याळ मागितलं. झाकण उघडायची हत्यारं त्यांच्या हातात नव्हती आणि उघडायची गरजही नव्हती. आत काय कोरलंय ते त्यांना पाठ होतं.

"तेव्हा मिळायची ती स्प्रिंग काळ्या पोलादाची," ते सासूबाईंना म्हणाले. "दमट हवेत काचेसारखी तुटायची. चार वेळा तुटली. म्हणून दहा सांगितलं, ते तेव्हा बरोबर होतं. पुढे पांढरी स्प्रिंग आली. ती तुटत नाही. ती मीच तुमच्या घड्याळात घातली, बावीस वर्षांपूर्वी. आणि दहाचं मागे घ्यायचं माझ्या लक्षातून गेलं."

"म्हणजे बावीस वर्षं मला पूर्ण चावी देता आली असती?"

"हो. चुकलं माझं."

मग ते जावयाकडे वळले. "जावईबापू, घड्याळात दोष नाही, ते परत आलं असं मी धरत नाही. माझं सांगणं परत आलंय. ते माझ्या खात्यावर. टेबल तिचं."

जावईबापूंनी खिशातली मोजायची टेप काढली आणि काउंटरच्या खणात टाकली.

सासूबाई निघताना दारात थांबल्या. मामांकडे नाही, भाचीकडे वळल्या. "अहो घड्याळजी," त्या म्हणाल्या, "माझ्या बहिणीकडेही एक आहे असलंच. तिलाही यांनीच दहा सांगितलं होतं. पाठवू?"

"पाठवा," भाची म्हणाली. बसल्या जागेवरून. ती आता खिडकीजवळ बसलेली होती.

बहिणीचं नाव निघालं आणि मामा बोटांवर मोजायला लागले. दहा त्यांनी काय एकीलाच सांगितलं होतं? संध्याकाळी त्यांनी जुन्या वह्या काढल्या आणि चावीच्या लेडीज घड्याळांची गिऱ्हाइकं शोधून काढली. त्रेचाळीस. किती हयात, किती गेलेली, कुणाचं घड्याळ आता सुनेकडे, कुणाचं लेकीकडे, काही माहीत नव्हतं. सगळ्यांना कार्डं गेली.

तर आता कुणी काय भरलं ते. बेकरीवालीने ठरलेले पैसे भरले, आणि भट्टी चारला पेटते. सासूबाईंनी बावीस वर्षं रोज सकाळी शाळेच्या घंटेची वाट पाहिली. ती वर्षं त्यांनी कुणाकडे भरून मागितली नाहीत, कारण मागितली तर तीस वर्षांच्या बिनतक्रारीचं काय सांगायचं? भाचीने एक चूक गिऱ्हाइकासमोर भरली आणि लगेच मोकळी झाली. जावईबापूंचं अक्षर वळणदार, म्हणून कार्डं त्यांनी लिहिली, तीन दिवस, काउंटर सांभाळून. आणि मजकूर मामांनी सांगितला. जावईबापूंनी सुचवलं होतं की एकदा सांगा, मी बाकीच्यांवर उतरवून काढतो. मामा नाही म्हणाले. प्रत्येक कार्डाला ते खुर्ची जवळ ओढून बसले आणि प्रत्येकाला पहिल्यापासून बोलले: चावी अडेपर्यंत द्या, दहाचं सांगणं जुनं झालं, मागे घ्यायचं राहिलं, चूक माझी. त्रेचाळीस वेळा.